तीन वाक्यांची आई

मी विज्ञानकथा लिहायची. नांदेडात कुणाला हे सांगितलं की समोरचा माणूस आधी "अरे वा" म्हणायचा आणि मग विचारायचा, "बरं, पण करता काय?" करते काय, तर शिकवते. लातूरला, एका क्लासमध्ये, बारावीच्या पोरांना प्राणिशास्त्र. हे ऐकलं की त्याच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडायचा. "मग आमच्या पोरीचं तिथं काही जमंल का हो मॅडम?" झालं. विज्ञानकथेचा विषय तिथंच आटपायचा.

तरी मी नेटानं लिहायची, दर दिवाळीला एक. संपादक पुण्याचे. ते पत्र पाठवून फार प्रेमानं सुचवायचे की विष्णुपुरीच्या धरणावर यंत्रमानव फिरतोय हे वाचकांना पटणार नाही, तेव्हा तेवढं 'एक महानगर' करावं. मी करायची. यंत्रमानवाला पाणी लागत नाही, पण संपादकांच्या मते त्याला महानगर लागतं.

त्या वर्षीची माझी कथा खोट्या सुखावर होती. एका महानगरात (घ्या!) एक गोळी मिळत असते. जिभेवर ठेवली की हवं ते खाल्ल्याचं सुख मिळतं, पोटात मात्र काहीच जात नाही. त्याच शहरात, ज्यांचं कुणी उरलेलं नाही त्यांना सरकार माणसं बनवून देतं. कुणाला मुलगा, कुणाला बायको, कुणाला आई. शेवटी त्यावर खटला उभा राहतो आणि न्यायाधीशबाई साडेतीन पानं बोलतात. त्यांचा निकाल असा की खोटं सुख द्यायला हरकत नाही, पण तीन अटींवर. ते खोटं आहे हे आधी सांगायचं, घेणाऱ्याला विचारून द्यायचं, आणि खोट्यातले तपशील तरी खरे ठेवायचे. मला तो निकाल भारी आवडला होता. आवडणारच, मीच दिला होता. वाचकाचं एकच पत्र आलं, धर्माबादहून, एका निवृत्त गृहस्थांचं. त्यांना निकालाचं काही नव्हतं. पथ्यामुळं त्यांचा मिरचीचा ठेचा बंद झाला होता, तर ती गोळी नांदेडात कुठल्या दुकानात मिळेल, एवढंच त्यांना हवं होतं.

आता क्लासविषयी. भूकंपाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली होती. ज्या लातूरच्या नावानं लोक हळहळायचे त्याच लातूरच्या नावानं आता आईबाप नवस बोलायला लागले होते. गल्लोगल्ली फलक, फलकांवर पासपोर्ट साइजची पोरं, पोरांच्या खाली मार्क. आमचे संचालक भाषणात म्हणायचे, "भूकंपानं लातूरला जगाच्या नकाशावर आणलं आणि क्लासेसनी तिथं टिकवलं." समोर भूकंपातली माणसंही बसलेली असायची. तीही टाळ्या वाजवायची. मीही वाजवायची, खोटं कशाला बोलू?

संचालकांनी आयुष्यात एक तास शिकवला नव्हता. त्यामुळं शिक्षणाबद्दल त्यांची मतं एकदम पक्की होती. त्यांच्या मते विद्यार्थ्याचे शत्रू तीन: सिनेमा, डास आणि आई. पहिल्या दोघांचा बंदोबस्त झाला होता. सिनेमाला बंदी होती आणि डासांसाठी धूर होता. आईचं काय करावं, हे मात्र सुचत नव्हतं. रविवारी हॉस्टेलमधली पोरं एसटीडी बूथवर रांग लावायची, आईशी बोलायची, रडायची, आणि त्यातली दोन-चार तरी सोमवारच्या पहिल्या गाडीनं गावाकडं पसार व्हायची. मग पालकांना समजवा, पोराला परत आणा, बुडालेला अभ्यास भरून काढा. संचालक कपाळाला हात लावून म्हणायचे, "मॅडम, एक फोन आन् आठ दिवसांची रिव्हिजन पाण्यात!"

मग त्यांच्या डोक्यातून ती योजना निघाली. फोन महिन्यातून एकदाच. त्याच्या बदल्यात आईचा आवाज रोज. ॲडमिशनच्या दिवशीच प्रत्येक आईला माइकसमोर बसवायचं, दहा मिनिटं बोलून घ्यायचं आणि कॅसेटवर पोराचा रोल नंबर टाकून ठेवायचं. संध्याकाळी चहाच्या आधी पोरानं एका खोलीत यायचं, कानाला इयरफोन लावायचा, आई ऐकायची आणि अभ्यासाला बसायचं. ह्या आईला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणजे रडारड नाही. मी हसले. मला वाटलं, गंमत करून राहिले. दुसऱ्या दिवशी खोलीत टेपरेकॉर्डर आले.

रेकॉर्डिंगला लातूरच्या बाजारातल्या गोलाईजवळचे एक चाचा बोलावले. त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं तीन पिढ्यांचं दुकान होतं. निजामाच्या काळातले रेडिओसुद्धा आपल्या बोटांना ओळखतात, असं ते सांगायचे. आणि मजकुरासाठी कोण? तर कथा लिहिणाऱ्या मॅडम. "तुमचा तो कल्पनेचा प्रांत हाय ना," संचालक म्हणाले. माझ्या लेखनाची त्या संस्थेनं घेतलेली ही पहिली दखल.

पहिल्या दिवशी आम्ही आयांना आपल्या मनानं बोलू दिलं. काय सांगू तुम्हाला! माइक दिसला की बाई आधी पदर सारखा करायची आणि मग ओरडायची, "हॅलो! ऐकू येऊन राहिलं का?" एकीनं दहातली नऊ मिनिटं डबा सांगितला. कशाखाली काय ठेवलंय, धपाटे आधी संपवायचे, लाडू टिकतात, चटणी वल्ल्या हातानं घ्यायची नाही. एक देगलूरची बाई बोललीच नाही, नुसती मुसमुसत राहिली. चाचांनी तेही रेकॉर्ड केलं. वर मला म्हणाले, "राहू द्या बाई. पोरगं वळखंल."

पण बोलल्या तेवढ्या झाडून सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली. शेतकऱ्याची असो, मास्तरची असो, दुकानदाराची असो, शेवटी आवाज खाली आणून प्रत्येकीनं म्हटलं, "लई जड जात असंल तर ये बाबा घरी."

संचालकांनी कॅसेटी ऐकल्या आणि त्यांचा पारा चढला. "हे काय हाय? हे वाक्य कापा. सगळ्यांचं कापा." मग चाचांनी दोन मशीन शेजारी ठेवली आणि एका कॅसेटवरून दुसरीवर आई उतरवून घेतली, तेवढं वाक्य गाळून. कानाला मशीन लावून, मान हलवत ते म्हणाले, "मी कव्वाल्या कापल्या, इलेक्शनची भाषणं कापली. आई पहिल्यांदाच कापून राहिलो." गाळलेल्या जागी मी लिहिलेला मजकूर आला. 'बाळा, तुझ्या यशातच माझ्या जीवनाचं सार्थक आहे.' तो पुढच्या रविवारी डबा घेऊन आलेल्या आयांकडून वाचून घेतला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यामागं मी बसून एकेक शब्द सांगायची आणि त्या तो उचलायच्या. त्या बायका 'सार्थक' हा शब्द इतक्या सांभाळून उच्चारायच्या की मला शरमल्यासारखं व्हायचं. झालं शरमल्यासारखं, पण काम थांबवलं का? छे. मी संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि कृत्रिम माणसांच्या हक्कांवर पुढच्या दिवाळीची कथा लिहायला बसले.

योजना चालली, हे कबूल केलं पाहिजे. पोरं दहा मिनिटं ऐकायची, नाक पुसायची आणि जीवशास्त्राचं पुस्तक उघडायची. सोमवारची पहिली गाडी आमच्या पोरांवाचून जायला लागली. समोरच्या क्लासनं नुकताच कूलर बसवला होता. आमचे संचालक छाती काढून म्हणाले, "त्यांच्याकडं हवा हाय, आपल्याकडं आई हाय."

एका मुलीचं मात्र अडलं. ती हदगावकडून आलेली होती. हुशार, अबोल, पहिल्या बाकावर बसणारी. तिच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात आडवी रेघ होती. संध्याकाळी सगळी पोरं इयरफोन लावून बसली की ही तिथंच कोपऱ्यात वही घेऊन बसायची. तिचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं संचालकांचं होतं. त्यांना कुठलाही रकाना रिकामा दिसला की पोटात दुखायचं. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, एक आई कमी पडून राहिली. तुम्ही बोला की. तुमचा आवाज बरा हाय."

मी चिडले. न्यायाधीशबाई संचारल्या म्हणा. साडेतीन पानं नाही, पण तीन मिनिटं तरी मी त्यांना सुनावलं, की मेलेल्या बाईचं सोंग आणायचं ही काय थट्टा आहे, निदान मुलीला विचारा, तिच्या घरच्यांना विचारा. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. विचारा." विचारायचं कामही माझ्याच गळ्यात.

रविवारी तिचे मोठे बाबा डबा घेऊन आले. मोठे बाबा म्हणजे वडलांचे थोरले भाऊ. त्यांनीच तिला वाढवलेलं. कापूस-सोयाबीनचं शेत, डोक्याला रुमाल, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं ते असं: भाऊ औशाकडच्या एका गावात होता, बायकोचं माहेरही त्याच पट्ट्यातलं. गणपतीत ह्या पोरीला त्यांनी हदगावला आणलं होतं, वय वर्षं सहा. विसर्जन झालं, पोरगी म्हणाली अजून दोन दिवस राहते, म्हणून ठेवून घेतली. पहाटे भूकंपात तिकडं सगळं बसलं. भाऊ गेला, भावजय गेली, तिचं माहेर गेलं. ही एक राहिली.

मी विचारलं, "हिची आई बोलायची कशी? आवाज कसा होता?"

ते गोंधळले. रुमाल काढून पुन्हा बांधला. "माझ्या धाकट्याची बायको ती. माझ्यापुढं कशी बोलंल? आमच्यात थोरल्या दिरापुढं बोलत न्हाईत. मी गेलो की दाराआड होऊन माझ्या मालकिणीच्या कानात सांगायची, पाहुण्याला चहा करू का म्हणून. सात वर्षांत तिचा आवाज मी ऐकला न्हाई." हे त्यांनी आधी जरा अभिमानानंच सांगितलं, भावजय किती मर्यादेची होती म्हणून. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं. "आमच्या मालकिणीनं ऐकला होता," ते म्हणाले, "पण ती बी गेली तीन वर्षांमागं." आणि ते बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसले.

म्हणजे हिशेब सरळ होता. त्या बाईचा आवाज ह्या पृथ्वीवर एकाच ठिकाणी उरला होता. ते ठिकाण माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होतं.

मी मुलीला प्रयोगशाळेत बोलावलं. बरणीतल्या बेडकांच्या साक्षीनं तिला सगळं स्पष्ट सांगितलं, की कॅसेटमध्ये मी असेन, तुझी आई नसेल, तुला नको असेल तर नको म्हण. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तीन वाक्यं येतात."

मला कळेना. येतात म्हणजे?

"आईची. तीनच राहिलीत. आधी जास्त होती. मी रोज आंघोळ करताना एकेकदा म्हणते, मनात. आईच्या आवाजात. न्हाई म्हणलं तर जातात. सातवीत असताना एक गेलंच." लातूरच्या क्लासातल्या मुलीनं रिव्हिजन हा शब्द वापरला नाही एवढंच. "फोटो एक हाय लग्नातला, पण त्याच्यात मान खाली हाय. तर तेवढंच हाय माझ्याकडं, मॅडम."

पहिलं वाक्य हाक मारायचं. तिची आई कर्नाटकाच्या शिवेवरची, तिच्या बोलण्यात कानडी यायचं. पोरीला माय म्हणायची. खेळून आली की विचारायची, "ए माय, ऊटा आयता?" जेवलीस का, म्हणून. पोर जेवलेली नाही हे त्या माउलीला ठाऊक असायचं, तरी विचारायची. दुसरं वाक्य वेणी घालतानाचं. "हलू नको गं, भांग वाकडा पडंल." तिसरं रागाचं. "येऊ दे तुझ्या बापाला!" पण राग पुरता टिकायचा नाही, 'बापाला' म्हणेपर्यंत हसू फुटायचं.

मुलगी ही वाक्यं म्हणून दाखवायला लागली आणि तिचा आवाजच बदलला. बारीक झाला, पुढं झाला, वाक्याच्या शेवटाला टुणकन वर गेला. मी म्हणाले, "तुला खरंच हवंय का हे?"

ती म्हणाली, "मला बाहेरून कधी ऐकू आलं न्हाई ना. आतूनच येतं. एकदा बाहेरून ऐकायचं हाय."

आता ह्याच्यावर कोण नाही म्हणणार? सांगितलं होतं. विचारलं होतं. तपशील खरे होते. माझ्या न्यायाधीशबाईंच्या तिन्ही अटी पुऱ्या. संचालकांना काय, त्यांनी 'तुझ्या यशातच सार्थक' एवढं बोलून घेतलं असतं आणि रकाना भरला असता. पण मी कलावंत! नांदेडला कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाटकात काम केलेली! खोटी आई करायची तर ती नीट करायची, ह्या ईर्ष्येनं मी कामाला लागले. रोज दुपारी मुलीला घेऊन बसायची. मी म्हणायची, ती दुरुस्त करायची. "न्हाई मॅडम, शेवटाला ओढायचं न्हाई, वर जायचं." आम्हा नांदेडच्या माणसांना वाक्याचं शेपूट ओढायची खोड. मी पुन्हा म्हणायची, ती डोळे मिटून ऐकायची. "जवळ आलं," म्हणायची. एकदा म्हणाली, "हसू लई मोठं झालं, आई तोंडावर हात ठेवून हसायची." मी तोंडावर हात ठेवून हसले. तिनं माझा हात धरून जरा खाली सरकवला.

चाचा मशीन लावता लावता म्हणाले, "बाई, पोरीलाच बोलू द्या की माइकात. बराबर तर बोलून राहिली."

मी म्हणाले, "चाचा, मुलीनं स्वतःचीच आई व्हायचं? ते बरं दिसतं का?"

"आन् तुम्ही झाल्यावर बरं दिसतं व्हय?" चाचा म्हणाले. मी त्यांना गप्प केलं. म्हाताऱ्या माणसाला कृत्रिम जिवांच्या नैतिकतेतलं काय कळतंय, असा माझा तेव्हाचा रुबाब. पोरीचा आवाज त्या दिवशी कॅसेटवर घेतला असता तर मी हे आज लिहीत बसले नसते.

कॅसेट झाली. तिच्यात 'सार्थक' नव्हतं, ते मी संचालकांशी भांडून वगळलं. पंधरा वाक्यं होती. तीन तिच्या आईची, बारा मी त्याच ढंगात रचलेली. चाचांनी विचारलं, "हिच्यातलं काय कापायचं?" हिच्यातलं कापण्यासारखं काही नव्हतं. घरी ये म्हणायला घर कुठं होतं?

मुलीनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दाराशी उभी होते. ती रडली नाही. तिनं कॅसेट संपल्यावर बटण दाबून उलटी फिरवली आणि परत ऐकली. मग रोज दोनदा. हळूहळू ती मुलींमध्ये बोलायला लागली, एकदा तर मला बघून हसली, तोंडावर हात ठेवून. चाचणीत दुसरी आली, पुढच्या चाचणीत पहिली. मी हवेत. नांदेडला गेले की पाटबंधारे खात्यातल्या माझ्या भावाला सांगायची, तुम्ही लोक धरणं बांधता, मी एका पोरीला आई बांधून दिली.

आणि संचालक! त्यांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी तिच्या मार्कांचा कागद माझ्यापुढं धरला. "बघितलं? बनवलेल्या आईचा रिझल्ट ओरिजिनलपेक्षा भारी हाय. मी काय म्हणतो मॅडम, पुढच्या वर्षी ह्या बायांचं रेकॉर्डिंगच नको. त्या येणार, रडणार, डबा सांगत बसणार, मग आपण ते कापत बसायचं. तुम्हीच सगळ्यांच्या आई व्हा. एकच आई करू, चांगली. जिल्ह्याप्रमाणं थोडी भाषा बदलू." मी नको म्हणाले. पण खरं सांगते, घरी जाताना रिक्षात मी मनातल्या मनात उदगीरची आई कशी बोलेल ते म्हणून बघितलं होतं.

प्रॅक्टिकलच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, ती मुलगी प्रयोगशाळेत आली. मी वह्या तपासत होते. तिनं कॅसेट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, हे तुमच्याकडं ठेवा."

मला वाटलं, खराब झाली. म्हणाले, चाचांकडून नवीन उतरवून देते.

"नको. मी आठ दिवस झालं ऐकत न्हाई." ती उभीच होती. "रोज ऐकायचं म्हणून मी आंघोळीत म्हणायचं सोडलं होतं. मागच्या सोमवारी लाइट नव्हती, कॅसेट लागली न्हाई, तेव्हा मनात म्हणून बघितलं. तर तुम्हीच आलात."

"मी?"

"तुमचा आवाज. तिन्ही वाक्यांत. मला वाटलं सारखं ऐकलंय म्हणून असंल, बंद केलं की जाईल. आठ दिवस झाले, जात न्हाई. आई यायला लागली की तुम्हीच येऊन राहिलात." ती तक्रार करत नव्हती. एखादं गणित सुटत नाही हे सांगावं तसं सांगत होती, आणि त्यामुळं मला जास्तच कसंतरी झालं. मग तिनं विचारलं, "मॅडम, मी पहिल्या दिवशी तुम्हाला म्हणून दाखवलं होतं ना, इथंच. ते कसं होतं? तुम्हाला आठवत असंल. तुम्ही एकदा तसं म्हणा. मी धरून घेते."

माझी स्मरणशक्ती चांगली आहे. धर्माबादच्या त्या गृहस्थांचं पत्र मला आजही अक्षरन् अक्षर पाठ आहे. त्या दिवशी प्रयोगशाळेत कुठल्या खिडकीतून ऊन आलं होतं, तिनं कुठल्या रंगाची ओढणी घेतली होती, सगळं आठवत होतं. मी डोळे मिटले, तिचा तो बारीक झालेला, पुढं आलेला आवाज शोधला आणि म्हणाले, "ए माय, ऊटा आयता?"

तिनं मान हलवली. "हे कॅसेटीतलं झालं."

मी पुन्हा म्हणाले. शेवट वर नेला. ती म्हणाली, न्हाई. मी वेणीचं वाक्य म्हणाले, रागाचं म्हणाले, तोंडावर हात ठेवून हसले. चार वेळा, पाच वेळा. प्रत्येक वेळी ती पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी लक्ष देऊन ऐकायची आणि मान हलवायची. मी आवाज बारीक केला, पुढं आणला, आणि तरी तीच कॅसेटमधली बाई बोलत राहिली.

शेवटी मी काकुळतीला येऊन म्हणाले, "मग कसं गं? तूच सांग ना. तूच म्हणून दाखव एकदा."

तिनं डोळे मिटले. ओठ जुळवले. "ए माय," ती म्हणाली, "ऊटा आयताऽ?" आणि तो माझा आवाज होता, नांदेडचा, शेपूट ओढणारा. आम्हा दोघींनाही तो लगेच ओळखू आला.